चौदा मिलिमीटर

तीनशे चार मिलिमीटर, असं खोक्यावर छापलंय.
माझ्या कॅबिनेटात जागा दोनशे नव्वद.
साधी पट्टी लावून मोजलं;
दिवसभर अंबडला बेअरिंगं मोजणाऱ्या बाईला
एवढं पुरतं.

कॅनडा कॉर्नरचा दुकानदार म्हणतो, घ्या ताई,
जुन्या कार्डाचे साडेचार धरतो.
वर बत्तीस. मग पॉवर सप्लाय नवा, मग कॅबिनेट,
म्हणजे नथीसाठी नाक बदलायचं.

खैरनार म्हणाला, आत हार्ड डिस्कचा पिंजरा आहे ना,
चार रिवेट उडवू, शिफ्टनंतर घेऊन ये.
उडतील.
पण ते मीच ठोकलेत, पहिल्या बोनसच्या वर्षी.
एक तिरका.

रात्री जुनं कार्ड काढलं,
ब्रशनं पंख्यातली धूळ झाडली.
राखाडी, किंचित चमकणारी; कंपनीचीच असणार,
माझ्या ओढणीवरून घरी आलेली.
पेस्ट नवी लावली, मटकीच्या दाण्याएवढी.
सहा फ्रेम वाढल्या.
सहाच.

डिसेंबर. पहाटे चारला पाथर्डी फाट्यावर
नऊ अंश. कार्ड तापतं,
मी कॅबिनेटमागे बोटं शेकते.
खेळात डोंगर उशिरा येतो,
आधी चौकोन, मग कडे, मग झाडं.
तोवर घोडा थांबवून ठेवते.

साडेसहाला खिडकी उघडली तर
धुक्यात पांडवलेणीचा डोंगरही आला नव्हता.

दुकानदाराचा मेसेज: ताई, काय ठरलं?
संध्याकाळी सांगते, लिहिलं,
आणि कंपनीची बस यायच्या आत
पट्टी पुन्हा लावली.
या वेळी दोनशे ब्याण्णव भरलं.