पहिला अतिचार

पर्युषणात, नांद्र्याच्या मंदिरात,
माईक खरखरत असताना पंडितजींनी
चौथ्या व्रताचे पाच अतिचार वाचले
आणि पहिलाच निघाला माझा धंदा:
परविवाहकरण.
दुसऱ्यांची लग्नं जुळवणं.

बायका वळून बघायला लागल्या.
जिनमती तर पदर तोंडाला लावून हसली,
तिच्या दोन्ही सुना मीच आणल्यात,
एक समडोळीची, एक बोरगावची.
पिशवीत तेव्हाही तीन बायोडेटा होते,
एकावर हळदीचं बोट उमटलेलं.

मी उठून विचारलं,
परस्त्रीकडं जाणं आणि पोरगी दाखवायला नेणं
एका ओळीत कसं बसवलं आचार्यांनी?
पंडितजींनी चष्मा पुसला.
म्हणाले, स्वतःची लेकरं सोडून इतरांची, असं टीकाकार म्हणतात.
वासनेला वाट करून देणंच की ते.
मग म्हणाले, आणखीही एक अर्थ आहे,
तेवढ्यात घंटा वाजली.

परतताना एसटीत मी तो अर्थ शोधत बसले.
माधवनगरला सुप्रभा आठवली.
तिच्या बापाला म्हटलेलं, पोरगा निर्व्यसनी, चार एकर द्राक्षं,
बाकी माझ्यावर सोडा.
दोन वर्षांनी माझ्या पायरीवर येऊन बसली.
रडली नाही. नवऱ्याच्या फोनातले फोटो
एकेक करून दाखवले, अंगठ्यानं सरकवत,
आणि म्हणाली, काकू,
तुम्ही त्याच्या मनात कधी जाऊन आला होता?

तोच 'पर' असेल.
लग्न नव्हे,
परक्या मनाला जामीन राहणं.

खणभागात घरी पोचले
तर हे शेंगा फोडत बसलेले.
ह्यांनी महाराजांसमोर व्रत घेतलंय, अठ्ठावीस वर्षं झाली:
स्वदारसंतोष.
एकदाही मोडलं नाही, गल्लीत कुणालाही विचारा.
स्व आहे. दारा आहे, ही काय, दारातच चप्पल काढतेय.
संतोष तेवढा
ह्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नाही,
आणि त्याचा अतिचार
पाचांत कुठंच धरलेला नाही.

माझ्या तोंडावर ह्यांनी पाहिला असेल का,
हे मात्र एसटीत सुचलं नव्हतं.

"काय सांगितलं आज?"
"तुमचं काही नव्हतं त्यात."

ह्यांनी मूठभर दाणे माझ्याकडं सरकवले,
त्यातला खवट एक हुडकून बाजूला टाकला.
"खा," म्हणाले, "दिवस बुडायला आलाय."