तिसरी ऐरण

पहिली मिळाली दारव्ह्याच्या बायपासवर,
मुनाफभाईच्या भंगारात, गंजल्या कूलरांच्या खाली.
बंद जिनिंगमधून आलेली. शिंग मोडकं,
पाठीवर छिन्नीचे इतके वण
की आंधळ्याने बोट फिरवलं तर काहीतरी वाचेल.
लोखंडाच्या भावाने ने, तो म्हणाला.
मग काय सोन्याच्या? मी म्हणालो.
हसत हसत काट्यावर चढवली
आणि दोघांच्याही कमरेत एकदमच लचक भरली.

दुसरी खरं तर ऐरण नव्हेच.
छोट्या गाडीच्या रुळाचा हातभर तुकडा,
साडभावाच्या गोठ्यात खुंटा म्हणून गाडलेला.
उपटून आणला तर त्याच्या म्हशीने
दोन दिवस दूध दिलं नाही.

एकतीस वर्षं डेपोत नट आवळले मी.
रिटायर झालो, मागच्या अंगणात चार टिनं टाकली,
बाभळीचं खोड दोन फूट पुरलं,
वणीचा कोळसा, गिरणीवाल्याचा जुना ब्लोअर.
बायको एवढंच म्हणाली,
धुण्याची दोरी तेवढी दुसरीकडे बांधा.

ऐरण पारखायची एक रीत असते.
बेअरिंगची गोळी वरून सोडायची.
जेवढी उसळी, तेवढा जीव.
माझ्या खिशात कायम एक गोळी;
नातवाला वाटतं, आजोबा अजून कंचे खेळतात.

तिसरी नेरकडच्या एका खेड्यात,
सुगंधाबाई लोहकरेंच्या ओसरीत.
तिच्यावर रांजण.
वर्षानुवर्षं पाणी झिरपून
एका अंगाला शेवाळ, दुसऱ्या अंगाला गंज.
रांजण त्यांनीच बाजूला केला.
गोळी सोडली,
ती जवळजवळ माझ्या तळहातात परत आली.

किती घ्याल?
इकत नाही, त्या म्हणाल्या.
म्हातारा गेला, भाता उंदरानं खाल्ला,
घण पोरानं नेला पुण्याले, शोकेसमंदी ठेवाले.
हे तेवढं कोणाच्यानं उचललं नाही.
मंग हातोडी माझ्याकडे सरकवली: मारून दाखव.
मी मारलं.
दार वाजवतं का रे? पाहुणा हायेस?
पुन्हा मारलं. पुन्हा.
कितव्या घावाला कोण जाणे
त्यांनी डोळे मिटले, आणि ओसरीतली कोंबडी उठून गेली.

पोरगी देतो तशी देतो, म्हणाल्या. नांदवजो.
उपाशी ठेवशीन तर घेऊन जाईन.

चैत्रात आल्या एस.टी.ने, लेकीचं घर पाहायला यावं तशा.
ब्लोअरकडे बघत राहिल्या बराच वेळ.
याले दम लागत नाही, म्हणाल्या,
म्हणून याले काही समजत नाही.
बटन बंद करायला लावलं,
पुठ्ठ्याने वारा घालत बसल्या निखाऱ्यांशी,
आणि जीपच्या पाट्याचा तुकडा तापत गेला.

पळसाचा आला. थांब.
थांब म्हणतो ना.
आता पिकल्या टेंभराचा. मार!
उजवीकून. कोपर सोड. मार!

चाळीस वर्षं लोक सांगत होते,
लोहकऱ्याच्या हाताले काय पाणी हाय.
हात त्याचा होता, त्या म्हणाल्या.
रंग कोण सांगे?
असं म्हणून पदराने नाक पुसलं;
धूर फार होता.

धारेवर गव्हांड्याचा रंग चढला तेव्हा
बुडव, एवढंच म्हणाल्या, अगदी हळू,
झोपलेल्या लेकराजवळ बोलावं तसं.
पाणी चर्रर्र करून गप्प झालं.

विळा वाकडा झाला.
म्हणजे विळा वाकडाच असतो,
पण हा नको तिथे वाकडा.
त्यांनी त्याच्यावर सांबाराची जुडी चिरली,
उजेडात धरून पाहिली,
कापते बापा, म्हणाल्या, आणि पिशवीत टाकला.

बस येईपर्यंत फाट्यावर उभे होतो.
रांजण सध्या विटांवर आहे म्हणे,
विटा रोज थोड्या खचतात.

रुळाचा तुकडा नेऊन द्यावा म्हणतोय त्यांना.
साडभावाला अजून सांगितलेलं नाही.
त्याची म्हैस अजूनही
त्या रिकाम्या खड्ड्याजवळच बसते.