पाचवा 'का'

माझं अक्षर बरं, म्हणून मला गुणवत्ता-प्रमुख केलं.
पगार तोच. टेबल मात्र खिडकीपाशी,
जिथून रिओनी नदी दिसते, आणि आमच्या लॉन्ड्रीची मागची दोरी,
जिच्यावर कुतायसीतल्या हॉटेलांचे टेबलक्लॉथ
लग्नातली वाइन विसरायला शिकतात.

मानक आणायचा हट्ट त्सियाला मावशीचा.
चाळीस वर्षं तिनं हे दुकान तोंडपाठ चालवलं:
कुणाच्या शर्टाला स्टार्च चालत नाही,
कुठल्या डॉक्टरची बायको बटणं मोजून घेते,
हिरव्या अक्रोडाचा हा डाग कुणाच्या परसातला.
एक दिवस म्हणाली, "सगळं लिहून काढ, माका.
काही म्हणून माझ्या भरवशावर ठेवू नकोस."
आम्हाला वाटलं, इस्पितळाच्या टेंडरसाठी.

तर लिहिलं.
पाण्याचं तापमान, साबणाचं माप, कपडा आत आल्याची वेळ,
आणि 'ग्राहकाची मालमत्ता' नावाचं वेगळं रजिस्टर:
खिशात सापडेल ते.
दोन लारी. दाताची कवळी. चर्चमधली अर्धी मेणबत्ती.

गुराम एकोणीस वर्षं इस्त्री करतोय.
'इस्त्री कशी करावी' हे माझं पान त्यानं उभ्यानं वाचलं,
मग कागदावरूनच इस्त्री फिरवली
आणि कडक करून माझ्या हातात दिला.
"आता बरोबर आहे," म्हणाला.

मार्चमध्ये पावती चारशे सतरा, राखाडी कोट,
भलत्याच माणसाच्या अंगावर गेला.
त्याला तो नेमका बसला, म्हणून त्याची तक्रार नाही;
खऱ्या मालकाची होती, पण हळू आवाजात.
नियम सांगतो: चूक करणारा शोधू नका, कारण शोधा.
पाच वेळा विचारा, का.

कोट का बदलला? बिल्ला नव्हता.
का नव्हता? कागदी होता, वाफेत लगदा झाला.
कागदी का? कापडी संपलेले.
का संपले? मागवायचे राहिले.
का राहिले?

मागवायचं काम मावशीचं.
ती समोरच होती, केव्हाची चष्मा पुसत.
"लिही की," म्हणाली, "रकाना रिकामा दिसला
तर तो तिब्लिसीचा तपासनीस तुला धरेल."
मी लिहिलं: काम एकाच व्यक्तीच्या आठवणीवर अवलंबून.
तिनं वाचलं. सही केली.
सहीला जरा जास्तच वेळ लागला.

बाद्री आला मेमध्ये, ओल्या बुटांनिशी,
बूट दाराबाहेर काढू का विचारत.
"वीज गेली तर?"
"पान चौदा," मावशी म्हणाली.
"इस्त्रीवाला आजारी पडला तर?"
"पान अकरा."
"आणि बाई, तुम्ही नसलात तर?"
"बाकीची सगळी."

प्रमाणपत्र आता गल्ल्यावर आहे,
संत ग्योर्गीच्या तसबिरीशेजारी, किंचित वाकडं.
बघणाऱ्याला वाटतं, भाल्याचा धक्का लागला असेल.

गेल्या आठवड्यात मावशीचा स्वतःचा कोट धुवायला आला.
नियम सगळ्यांना एकच, मी खिसे तपासले.
उजव्यात चिठ्ठी, चौकोनी घडी, तिच्या अक्षरात:

गुराम, इस्त्री. चहात साखर नाही.
घरी जाताना नदी डाव्या हाताला.
माका, बहिणीची मुलगी. अक्षरावरून ओळखावी.

ना तारीख, ना आवृत्ती क्रमांक, ना मंजुरी.
असला कागद कामाच्या जागी सापडला
तर काढून टाकायचा, हे पान सहा. मीच लिहिलेलं.

रजिस्टर उघडलं. होईल तितकं सुवाच्य लिहिलं:
ग्राहकाची मालमत्ता. चिठ्ठी, एक. कोटासोबत परत.
घडी होती तशीच घातली,
आणि कॉलरच्या आत कापडी बिल्ला शिवला,
लागतात त्याहून दोन टाके जास्त.