खवट

अहवालाच्या नमुन्यात चवीसाठी रकाना नव्हता,
म्हणून हे इथे.

नागभीडला उतरलो आम्ही तिघं,
फैजान, शर्वाणी, मी.
पाठीवर लॅपटॉप, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र,
सहा आठवडे, चार क्रेडिट.
तिथून अकरा किलोमीटर, काळीपिवळीत मागे, पाय बाहेर.

स्टार्टअप म्हणजे बंद पडलेल्या राइस मिलमागची एक खोली,
एक ग्राइंडर, पाकिटं चिकटवायचं यंत्र,
आणि सुगंधा ठवरे.
त्यांनी आमचा परिचय ऐकून घेतला नाही.
म्हणाल्या, 'जवस भाजता येते का कोनाले?'

फैजाननं भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या:
ग्राहक कोण, त्याची अडचण काय, पैसे कशाचे देईल.
चार वाजता लाइन आली, पंखा फिरला
आणि ग्राहक उडून जवसाच्या परातीत पडला.
ताईंनी तो खड्यासारखा निवडून काढला.
'हे पाय, सापडला तुमचा गिऱ्हाक.'

तिसऱ्या आठवड्यात धंतोलीच्या दुकानातून
खोकं परत आलं. एकशे बारा पाकिटं जवसाची चटणी.
पत्र नाही. फक्त बिलावर लाल पेनानं एक शब्द:
वास.

मी म्हटलं, बॅच नंबर काढू, तक्ता करू.
'कर ना. पन आधी तोंड उघड.'

मग आम्ही फरशीवर बसलो,
पाकीट फोडायचं, चिमूट जिभेवर,
पाणी, पुन्हा चिमूट.
आधी सगळं सारखंच: मीठ, लसूण, तिखट.
तिसाव्या पाकिटाला कुठे
जिभेच्या पार मागे काहीतरी उघडलं,
दिवाळी संपून महिना झालेल्या
डब्याच्या तळाची शेव.
शर्वाणीला ते चोविसाव्यालाच कळलं होतं.
तिला वाटलं, आपलीच जीभ चुकतेय,
म्हणून ती गप्प राहिली.
यालाही रकाना नव्हता.

संध्याकाळपर्यंत दोन ढीग झाले.
खवट ढिगातल्या एकूण एक पाकिटावर
आम्ही आल्यानंतरची तारीख.

पहिल्या आठवड्यात मीच लिहिलं होतं:
'भाजल्यावर रात्रभर गार करणे, वाया जाणारा वेळ.'
तो चौकोन हिरवा केला होता.
गरम जवस दळला, कोमट असतानाच भरला,
दुप्पट पाकिटं निघाली,
सरांनी व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवल्या,
मागे कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता.

चांगल्या ढिगात नऊ पाकिटं. तीही आता फोडलेली.
एकशे बारा गुणिले साठ.
कॅल्क्युलेटरवर मी ते तीनदा केलं,
तिन्ही वेळा सहा हजार सातशे वीस.

सुगंधाताईंची जीभ अख्ख्या गावाला माहीत.
किराणावाला त्यांना पाहून आधी वजनकाटा पुसतो.
त्या दिवशी मात्र त्या
पाकिटांवरची लेबलं सोलत बसल्या,
पुन्हा वापरता येतात का बघत.

मीच विचारलं, ताई, तुम्ही का ऐकलंत माझं?
त्यांनी एक लेबल उजेडात धरलं.
'मले वाटलं, शिकलेली पोट्टी सांगते तं असन काही.'
मग थोड्या वेळानं,
'आन् मलेबी दुप्पट पायजे होतं ना वं.'

त्या रात्री नवा जवस भाजला.
वर्तमानपत्रं पसरून खोलीभर ओतला,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तांबूस, चकचकीत,
म्हणून झोपायला जागा उरली नाही,
आम्ही तिघं ओसरीवर, ताई दाराशी.
फैजान घोरत होता. मिलच्या पत्र्यावरून
मांजर गेलं की आवाज लांबपर्यंत जायचा.

दोन वाजता मी उठले,
चवड्यांवर आत गेले, तळहात ठेवला.
पिठाच्या गिरणीतून आल्या आल्या डबा लागतो,
तितकं कोमट.

अंधारातून, कूसही न बदलता,
'नाई झाला अजून. नीज.'