महिरावणीचा कुत्रा

टीपॉय सरकवून सायकल हॉलमध्ये उभी केलीय,
मागचं चाक माळ्यावर.
ट्रेनरवर बेचाळीस मिनिटं, चढ सहा टक्के, पंखा पाचवर.
खालच्या मजल्यावरचे कोठुळे काका विचारतात,
"रोज पहाटे कसलं दळण काढता?"

घाम चटईवर पडतो, थेंब मोजता येतात.
त्र्यंबक रोडला तो दिसायचाच नाही,
वारा परस्पर घेऊन जायचा.

इथे खड्डा नाही, सातपूरची शिफ्ट सुटल्यावर
अंगावर येणारी मोटारसायकल नाही.
अंजनेरीही नाही.
उतार आहे म्हणे, पण त्यात
पोटात काहीच खड्डा पडत नाही.

तरी अठराव्या मिनिटाला
उजवा पाय आपोआप वर उचलला जातो.
महिरावणीच्या वळणावर, पंक्चरच्या टपरीमागून
तो निघायचा, थेट पोटरीवर.
मी पाय खाली घेते. बरं, कोणी पाहिलं नाही.

खांदा जुळला. तीन महिन्यांनी रविवारी गेले.
आकडे म्हणतात, मी पहिल्यापेक्षा जोरात आहे.
वळण आलं. पाय उचलला.
तो टायरांच्या ढिगावर उन्हात पडलेला.
एक डोळा उघडला,
मिटला.

पुढच्या फाट्यावरून मी मागे वळले
आणि पुन्हा एकदा त्याच्या समोरून गेले,
जरा हळू.