अर्धा इंच माया

सहा खोकी शिवायची आहेत.
कापडाची, आतून अस्तर, बाजूला धरायला पट्टा,
रिकामी झाली की घडी होणारी.
नव्या पेठेतल्या बाई म्हणाल्या, "उभी राहिली पाहिजेत बरं का.
सुनेनं मागवलेली बसून गेली."

मी आजवर शाळेचे गणवेश शिवले.
बाह्या, खिसे, कॉलर, शेकड्यांनी.
माणूस आत नसताना उभं राहील असं
काही कधी शिवलं नव्हतं.

म्हणून मंगळवार पेठेतली जुन्या पुस्तकांची हातगाडी.
ऊन असं, की पुस्तकं उचलली तर हाताला चटका.
पहिलं गुळगुळीत. पानोपान एक बाई
खोकं छातीशी धरून हसतेय.
माप एकही नाही.
दुसऱ्यात घडीचा मोठा कागद,
अकरा रंगांच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या,
उलगडला तर गाडीवाला म्हणाला, "ताई, घडी घालून द्यावी लागेल."
घातली. तशी बसली नाही.

तिसऱ्याला मुखपृष्ठच नव्हतं.
मशीनच्या तेलाचा डाग, पान नऊपासून चौदापर्यंत झिरपलेला,
आणि पेन्सिलीनं बारीक अक्षर:
*इथे फसते. आधी तळ, मग भिंती.*
*कोपऱ्यात सुई खाली रोवून थांबा. मग वळा.*
एके ठिकाणी तीन खोडून साडेतीन,
शेजारी नुसतंच: *हो ना!*
आत नाव. कु. राजमणी व्यंकटेश दुडम, शिवण वर्ग, १९८४.
चाळीस रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही.

बाहेरून चादरीचे तुकडे,
कारखान्यातून किलोवर आणलेले, डागी.
मोराची मान एका भिंतीला आली
आणि पिसारा पार मागच्या.
आत धोतरांच्या गठ्ठ्यातला पुठ्ठा.

पहिलं खोकं रेघेवर कापलं. शिवलं. उलटवलं.
पुठ्ठा आत जाईना.
कोंबला, तर एक कोपरा वर, खोकं तिरकं,
कोणावर तरी रुसल्यासारखं.

अम्मा उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन पानं कापत होती.
तिच्याकडे पुस्तक नाही. एक पत्र्याचा फर्मा,
बोटांनी कडा झिजवलेला.
तो पानावर ठेवायचा, भोवतीनं कात्री. रोजची हजार.
खोक्याकडे बघून म्हणाली,
"माया नाही सोडलीस."

मी पुस्तक उघडलं. पान दोन, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात:
*नमुन्यात माया धरलेली नाही.*
राजमणीनं खाली दोन रेघा मारलेल्या.
पेन्सिल इतकी दाबलेली
की मागच्या पानावर फुगवटा.
तिचंही पहिलं खोकं असंच उभं राहिलं असणार, तिरकं.

"तुला कसं गं कळलं? पानाला कुठं माया असते?"
"नसते ना," अम्मा म्हणाली.
"पान कमी पडलं की विडी छाट. पैसे नाहीत.
मला तेवढंच तर दिसतं."

अर्धा इंच. चारी बाजूंनी.
सहा खोकी उभी राहिली, पलंगावर ओळीनं.
बाईंनी बुक्की मारून पाहिली, पैसे मोजले.

तुकडे उरले होते. निजानीज झाल्यावर
सातवं शिवलं, वहीएवढंही नाही,
फर्म्याचं माप घेऊन. अधिक अर्धा.
मग राजमणीच्या अक्षराखाली
माझ्या पेन्सिलीनं लिहिलं: *चादरीला पाऊण धरा, दशा सुटतात.*

सकाळी अम्मानं पत्रा आत ठेवला,
कात्री, दोऱ्याची गुंडी, पी.एफ.चं कार्ड.
उचलून हलवलं. पत्रा खडखडला.
"सैल झालंय," म्हणाली.
पुन्हा हलवलं, कानाशी धरून.