सोपान आर्ट्स

खडकीतली बेकरी. फ्लेक्स नको,
हातानं रंगवा, म्हणाली एलियाम्मा,
बिलामागं नाव लिहून दिलं.

सवयीनं आधी खडूची दोरी ताणून फटकारली.
एक अक्षर लटकेल तर शपथ.
सगळी खाली बसलेली, चकलीगत आत वळणारी,
ब्रश उचलायला जागा देईनात.

ठ तेवढा ओळखीचा:
नुसता गोल, दांडी घरी विसरून आलेला.

पाटी झाली. ओल्या रंगावरून हवेत बोट फिरवत
तिनं वाचली. "इथं एक वेढा कमी पडलाय, काका."
तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं अक्षर तपासलं.

कोपऱ्यात सही केली, त्यांच्या लिपीत.
तिथं सो लिहिताना स एकटा नसतो,
मात्रा दोन्ही बाजूंनी उभी राहते त्याला धरून.
रंगानं नाही अजून.
खडूनं.